घर सांभाळून शिपाईगिरी

दसरा आला की आपण आपट्याची पाने वाटतो. सोने घ्या, सोन्यासारखे राहा, असे म्हणतो. पूर्वी या सणाला आणखी एक अर्थ होता. पावसाळाभर शेतात राबलेला कुणबी दसऱ्याला सीमोल्लंघन करी आणि मोहिमेवर जाई. नांगर धरणारा तोच, तलवार धरणाराही तोच. आपल्या नालासोपाऱ्याहून वसईचा किल्ला काही फार लांब नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली तो पोर्तुगीजांकडून घेतला. मराठ्यांच्या फौजांत अशी घरी शेती असलेली माणसे पुष्कळ असत.

आज असे करता येते काय? घरचा कामधंदा सांभाळून सैन्यात जाता येते काय? येते. त्याचीच माहिती आज आपण घेऊ.

ही माहिती आम्ही का लिहिली, ते आधी सांगतो. सोपाऱ्यातले एक वाडीवाले गृहस्थ एका संध्याकाळी आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा पदवीधर आहे. रोज लोकलने मुंबईला जाऊन कचेरीत काम करतो.

"गुरुजी, पोरगा मिलिटरीत ऑफिसर व्हायचं म्हणतोय. नोकरी पण राहते म्हणे. एक माणूस भेटलाय. साठ हजार द्या, काम करून देतो म्हणतो. बायकोचे दागिने मोडू का?"

आम्ही म्हटले, "आधी बसा. पोराचे म्हणणे खरे आहे. त्या माणसाचे खोटे आहे."

ही सेना कोणती?

या सेनेचे नाव प्रादेशिक सेना. लोक तिला टेरिटोरियल आर्मी असेही म्हणतात. इंग्रजांच्या राज्यात १९२० साली अशी एक सेना उभी राहिली होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ साली नवा कायदा झाला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते आजच्या सेनेचे उद्घाटन झाले. म्हणून ९ ऑक्टोबर हा या सेनेचा दिवस पाळतात.

या सेनेतला माणूस एरवी आपला कामधंदा करतो. कोणी कारकून असतो, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. वर्षातून ठरलेले दिवस तो गणवेश घालतो, कवायत करतो, बंदूक चालवतो. शिबिर संपले की घरी येतो. देशावर संकट आले की सरकार बोलावते. मग मात्र जावेच लागते. तेव्हा "माझी वाडी शिंपायची राहिली" हे चालत नाही.

असे बोलावणे खरेच येते. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही लढायांत ही सेना कामाला आली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चकमक उडाली. तेव्हा या सेनेच्या पायदळाच्या ३२ पलटणींपैकी १४ पलटणी कामावर बोलावायला सरकारने मंजुरी दिली.

लढाई हेच एक काम नव्हे. मसुरीचे डोंगर चुनखडीच्या खाणींनी बोडके झाले होते. तेथे झाडे लावण्यासाठी १९८२ साली या सेनेची एक खास पलटण उभारली. आपल्या मराठवाड्यातही अशी पलटण झाडे लावते. पायदळाच्या पलटणी पुण्याला आणि कोल्हापूरला आहेत.

अधिकारी कोणाला होता येते?

अधिकारी होण्याच्या मुख्य अटी अशा :

१. उमेदवार भारताचा नागरिक असावा.
२. वय १८ ते ४२ वर्षे असावे.
३. पदवी मिळालेली असावी.
४. शरीराने आणि मनाने धडधाकट असावा.
५. पोटापाण्याचा काही उद्योग असावा. नोकरी असो की स्वतःचा धंदा.

पाचवी अट नीट वाचा. बेकारांना काम देण्यासाठी ही सेना नाही. ज्याचे पोट दुसरीकडे भरते, त्याच्यासाठी ती आहे. जे आधीच सैन्यात किंवा पोलिसांत नोकरीला आहेत, त्यांना येथे अर्ज करता येत नाही.

पूर्वी येथे फक्त पुरुषांना घेत. २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने स्त्रियांनाही दार उघडून दिले. तेव्हा मुलीला शिकवताना हेही ध्यानात असू द्या.

पदवी नसेल तर? तर जवान म्हणून जाता येते. त्याला साधारण दहावी लागते, काही कामांना आठवी चालते. त्याची भरती वेगळी असते.

निवड कशी होते?

आधी जाहिरात निघते. अर्ज सैन्याच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. मग लेखी परीक्षा होते. तिच्यात गणित, तर्क, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी हे विषय असतात. त्यापुढे मुलाखत आणि निवड मंडळाची कसोटी असते. निवड मंडळापुढे चार-पाच दिवस राहावे लागते. माणूस बोलतो कसा, दहाजणांना बरोबर घेऊन काम करतो कसा, अडचणीत डोके शांत ठेवतो काय, हे तेथे पाहतात. शेवटी डॉक्टर तपासतात. जागा मोजक्याच असतात आणि अर्ज पुष्कळ येतात.

निवड झाली की लेफ्टनंट हा पहिला हुद्दा मिळतो. पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक शिक्षण असते. दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर असते. शिवाय पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे आणखी शिक्षण घ्यावे लागते.

पगार आणि नोकरी

वाडीवाल्यांच्या मंडळीही मागून आल्या होत्या. त्यांनी खरा प्रश्न विचारला. "गुरुजी, पोराची आत्ताची नोकरी जाईल का?"

प्रश्न चांगला होता. कायदा सांगतो, की सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला की मालकाने त्याला कामावर परत घ्यावे. तरी पण मालकाला अंधारात ठेवू नये. मुलाखतीच्या वेळी मालकाची लेखी संमती दाखवावी लागते. वर्षातले दोन महिने रजा मिळेल काय, हे आधीच विचारून घ्यावे.

पगार नेहमीच्या सैन्याप्रमाणेच आहे. लेफ्टनंटचे मूळ वेतन महिना ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. पण ते फक्त गणवेशातल्या दिवसांचे. घरी असताना पगार नाही. पेन्शनचेही तसेच. अधिकाऱ्याची प्रत्यक्ष सेवा वीस वर्षे भरली तरच पेन्शन मिळते. नुसते पटावर नाव असून भागत नाही. म्हणून पेन्शनवर डोळा ठेवून कोणी जाऊ नये.

आणखी एक घोटाळा टाळा. महेंद्रसिंग धोनी या क्रिकेटपटूंना २०११ साली या सेनेत लेफ्टनंट कर्नल केले. तो मानाचा हुद्दा आहे. सर्वसाधारण उमेदवाराला लेखी परीक्षेच्या दारातूनच जावे लागते.

मग पुढे काय झाले?

आम्ही वर्तमानपत्रातले भरतीच्या बातमीचे कात्रण त्या गृहस्थांच्या हाती दिले. ते मागच्याच वर्षी आमच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकले होते. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. अटी वाचल्या. परीक्षेचे वाचले. मग थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्यात मधल्या माणसाचं नावच नाही!"

"नाहीच. मधला माणूस कागदात नाही, म्हणून तो कानात बोलतो," आम्ही म्हटले.

दागिने घरात राहिले. मुलाने स्वतः अर्ज भरला. पहिल्या खेपेला तो लेखी परीक्षेत नापास झाला. इंग्रजीत कमी पडला. आता तो लोकलमध्ये पुस्तक घेऊन बसतो. वय सत्तावीस आहे. बेचाळीसपर्यंत दार उघडे आहे. कदाचित तो अधिकारी होईल, कदाचित होणार नाही. पण झाला तर स्वतःच्या बळावर होईल. साठ हजार देऊन तो नापासही झाला असता आणि कर्जातही बुडाला असता.

मंडळी, तुमच्याही घरी अशी जाहिरात येईल. ती सैन्याची असेल, नाहीतर दुसऱ्या कुठल्या नोकरीची असेल. आधी ती स्वतः वाचा. न समजलेला शब्द शिकलेल्या पोराला विचारा. फी कोठे भरायची, ते कागदात पाहा. आणि जो म्हणेल, "वाचायची गरज नाही, मी आहे ना," त्याला दारातूनच रामराम करा.