मैदान बंद, सराव चालू : टाळेबंदीतला कराटे वर्ग आम्हाला काय शिकवून गेला?

वागळे इस्टेटमध्ये आमचा कराटेचा वर्ग विहारासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि तो बंद पडला. सुरुवातीला वाटले, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. पण काही मुलींसाठी तो घराबाहेरचा एकमेव हक्काचा तास होता, हे आमच्या उशिरा लक्षात आले. त्याच एप्रिलमध्ये घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने सांगितले.

नियम मोडून वर्ग भरवावा, असे काही तरुणांचे म्हणणे होते. आम्ही नकार दिला. तेव्हा कलम १८८ खाली गुन्हे दाखल होत होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना असा गुन्हा परवडणारा नव्हता. शिवाय किसननगरसारख्या दाट वस्तीत एकाचा आजार चाळभर पसरायला वेळ लागत नाही.

मग घरात काय शिकवता येईल, याचा विचार केला. कराटेत काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा सराव. पण सुरुवातीचा ‘हेयान शोदान’ करायलाही पुढे-मागे बरीच जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट आणि पाच माणसे. तिथे ‘तेक्की शोदान’ उपयोगी पडला. त्यात घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून फक्त डावी-उजवीकडे सरकायचे असते, त्यामुळे भिंतीला पाठ लावूनही तो जमतो. एरवी तो वरच्या बेल्टला शिकवतात. आम्ही त्याची नुसती पावले सगळ्यांना दिली.

दुसरी अडचण मोबाईलची. एका आईने सांगितले, “सर, फोन एकच आहे, तोही ह्यांच्याकडे. ते रात्री घरी येतात.” मग थेट ऑनलाईन वर्गाचा हट्ट सोडला. दोन-तीन मिनिटांचे छोटे व्हिडिओ पाठवले. ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा त्याने पाहावे. ज्यांच्या घरी फोनच नाही, त्यांना शेजारच्या घरातल्या विद्यार्थ्याशी जोडून दिले.

३ जून २०२० पासून राज्यात मोकळ्या जागेत चालण्या-धावण्याला मुभा मिळाली, पण सामूहिक व्यायामाला नाही. त्यात ठाण्यात २ ते १९ जुलै पुन्हा टाळेबंदी झाली. व्यायामशाळा उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी. पुढे परवानगी मिळाल्यावर आम्ही छोट्या तुकड्या केल्या. दोघांत दोन मीटर अंतर ठेवले. एकमेकांचे ग्लोव्हज आणि पॅड वापरणे बंद केले. प्रत्येकाने घरून वर्तमानपत्राची गुंडाळी आणायची आणि तिच्यावर पंच मारायचा. ओरडताना तोंडातून थेंब उडतात, म्हणून किआईदेखील मनातल्या मनात. जोरदार व्यायाम करताना मास्क लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते. म्हणून मास्क लावून फक्त हलका सराव घेतला.

जे जमले नाही तेही सांगायला हवे. कुमिते, पकड सोडवणे, फेक हे समोर माणूस असल्याशिवाय शिकता येत नाही. व्हिडिओ पाहून मुलगी स्वसंरक्षणात तयार झाली, असे म्हणणे तिची फसवणूक ठरेल. घरात त्रास होत असेल तर पंचपेक्षा ताईचा नंबर आणि ११२ पाठ असणे जास्त कामाचे, हे आम्ही उघडपणे बोलू लागलो.

१४ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्याच रात्री आठपासून पुन्हा कडक निर्बंध आले. या वेळी मात्र आमची तयारी होती. कोणाच्या घरी फोन आहे, कोणाला जागा नाही, कोणाशी रोज बोलायला हवे, याची यादी वहीत होती.

समता सैनिक दलाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. त्या दलाची खरी ताकद लाठीत नव्हती, शिस्तीत होती. प्रत्येक सैनिक कुठे आहे याची खबर ठेवणे हा त्या शिस्तीचाच भाग. आपल्या विहारात एखादा वर्ग चालत असेल तर संकटाची वाट पाहू नका. अशी वही आजच करा, आणि ती भरायचे काम वर्गातल्या मुलींकडे द्या.

जयभीम!