चढणीचे मासे

मृगाचा पाऊस लागला, ओढ्यांना गढूळ पाणी आले की मावळातल्या घरांत एकच गडबड उडते. कुणी पाग काढतो, कुणी नुसती टोपली उचलतो आणि सगळे भातखाचराच्या तोंडाशी जाऊन बसतात. बॅटरीच्या उजेडात, पाण्याच्या लोटाविरुद्ध उड्या घेत वर येणारे मासे मी लहानपणी कामशेतच्या बाजूला पाहिले. पुढे आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, पण माशांचा पहिला धडा तिथलाच. हे चढणीचे मासे.

श्रोतेहो, हे मासे वर का चढतात? उन्हाळ्यात इंद्रायणी आटते आणि मासे डोहांत गोळा होतात. मरळ, शिंगटा, वाम हे शिकारीही त्याच डोहांत. पाऊस पडला की पाणी गार आणि गढूळ होते, ओढ वाढते. ही विणीची खूण. खाचरातले पाणी उथळ, सूक्ष्म जीवांनी भरलेले, आणि तिथे मोठे शिकारी थोडे. पिल्लांना याहून चांगले पाळणाघर कुठले? भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरले की बोटभर पिल्ले नदीत उतरतात. म्हणून 'या नदीत अमुक मासे आहेत' असे कुणी सांगितले की मी विचारतो, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या जागी?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. वरच्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारे, मिशाळ, चिमुकले मासे. देहूच्या डोहात भाविकांनी अभय दिलेले महसीर. एवढ्याशा नदीत अभ्यासकांनी ५०हून अधिक जाती नोंदल्या आहेत.

पण चढणारा मासा वाटेतली भिंत ओलांडू शकत नाही. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, त्यासाठी लोणावळा, वळवण, शिरवता ही धरणे झाली. पवनेचे धरण १९७२च्या सुमारास आले. वाहत्या पाण्याच्या जागी तळी झाली आणि तळ्याला मानवणारे मासे वाढले. चिलापीचेच पाहा. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. तिला ना पूर लागतो, ना खाचर. कटला-रोहू मात्र साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांचे बीज सोडत राहावे लागते.

महसीरचीही तीच अडचण. त्याला पावसाळ्यात खळखळते पाणी आणि गोट्यांचा तळ हवा. टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास केली आणि लाखो पिल्ले तळ्यांत, नद्यांत सोडली. काम मोलाचे, यात शंका नाही. मात्र याच जातीची पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. त्याला धरणे आणि बेकायदा मासेमारीही कारण आहेत, पण आपल्याकडचा पाहुणाही त्यात आहेच. आपल्या नदीत ज्याला जपायचे, तोच मासा परक्या नदीत घुसखोर ठरला.

मावळात अजून चढण होते, फक्त ओढे आखडले आहेत. खाचरांच्या जागी बंगले उठले, काही नाल्यांत सांडपाणी आले. उरलेल्या वाटांवर पहिल्याच पुरात इतकी जाळी लागतात की फार थोडे मासे वर पोचतात. पोटात अंडी असलेली एक मादी धरली की तिची सगळी पिढी जाते. मी जाळी टाकू नका म्हणत नाही. निदान पहिले आठ-दहा दिवस वाट मोकळी ठेवा आणि अंडी घालून परतणारे मासे धरा, एवढेच म्हणतो.

मध्यंतरी ओढ्याकाठच्या एका तरुणाला हेच सांगितले. त्याने टोपली माझ्यापुढे धरली. पोटे टम्म फुगलेली. म्हणाला, "सर, गाभोळी नसेल तर या माशांत खायचं काय?"