कूर्मगतीची विद्या

रॉक क्रॉलिंगच्या स्पर्धेत कमी गुण मिळवणारा जिंकतो. खडकांच्या उतरंडीवर थोड्या थोड्या अंतराने दोन-दोन काठ्या रोवून दारे उभी केलेली असतात आणि ठरलेल्या वेळात गाडीने त्यांतून एकामागून एक पार व्हायचे असते. रेडिओवर चालणाऱ्या क्रॉलरच्या, म्हणजे खडकांवर चढणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, स्पर्धांचे नियम मुख्यतः अमेरिकेत घडले. त्या नियमांत गाडी मागे घेतली की एक गुण चढतो आणि काठीला धक्का लागला की दहा. चालक हातात रेडिओ घेऊन गाडीच्या शेजारून चालतो, प्रत्येक दगडापाशी थांबून वाट वाचतो आणि मगच बोट हलवतो. इथे वेगाला किंमत नाही. गाडी हव्या त्या क्षणी तसूभर पुढे सरकली पाहिजे आणि हव्या त्या क्षणी उभ्या चढावर जागच्या जागी थांबली पाहिजे.

हे साधते की नाही, ते गाडीतल्या दोन गोष्टींवर ठरते: अ‍ॅक्सल आणि इलेक्ट्रॉनिक्स. नवखे लोक या दोन्हींची खरेदी वेगवेगळी करतात. आधी नावाजलेले अ‍ॅक्सल घेतात, मग परवडेल ती मोटर आणि चाके वळवायला मिळेल तो सर्वो. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते. अ‍ॅक्सल कोणत्या जातीचा, हे एकदा ठरले की इलेक्ट्रॉनिक्सची निम्मी यादी त्यातूनच निघते.

स्पर्धेत सर्वांत रुळलेला वर्ग म्हणजे २.२. हा आकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत. या वर्गात पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर साडेबारा इंचांपलीकडे जाऊ देत नाहीत. एवढ्याशा सांगाड्यात अ‍ॅक्सलच्या दोन परंपरा नांदतात आणि दोन्हींचे मूळ जपानच्या तामिया कंपनीपर्यंत जाते. क्रॉलरसाठी वेगळे अ‍ॅक्सल मिळत नव्हते, तेव्हा हौशी मंडळी तामियाच्या छोट्या टीएलटी गाडीचे अ‍ॅक्सल काढून हाताने घडवलेल्या चौकटीत बसवत. त्या गाडीत मोटर मधोमध असे आणि तिची ताकद दांड्यांवाटे दोन्ही अ‍ॅक्सलना पोहोचे. दुसरीकडे १९८७ साली आलेल्या तामियाच्या क्लॉड बस्टर या राक्षसी चाकांच्या ट्रकमध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर होती. मोठ्या आकाराच्या क्रॉलरसाठी लोकांनी त्या ट्रकचे अ‍ॅक्सल उचलले. पहिल्या जातीला शाफ्टी म्हणतात, दुसरीला मोटर-ऑन-अ‍ॅक्सल, म्हणजेच एमओए. पुढे कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅक्सियल कंपनीने आधी शाफ्टी जातीची एएक्स१० आणि काही वर्षांनी एमओए जातीची एक्सआर१० बाजारात आणली. घरच्या कार्यशाळेत जन्मलेल्या दोन्ही कल्पना अशा रीतीने दुकानात पोहोचल्या.

शाफ्टीचा मोठा गुण म्हणजे ताकदीची वाटणी. पुढची चाके हवेत लटकली आणि मागची खडकाला भिडलेली असली, तर एकाच मोटरचा सगळा जोर मागच्या अ‍ॅक्सलकडे जातो. एमओएमध्ये तसे होत नाही. हवेतल्या अ‍ॅक्सलची मोटर नुसतीच फिरते आणि चढाचे सगळे ओझे दुसरीवर पडते. मात्र शाफ्टीला एक खोड असते. फिरणारा दांडा चौकटीला उलट पीळ देतो. चढावर जोर लावला की गाडीची एक बाजू दबते, दुसरी उचलते आणि आडव्या उतारावर तेवढ्यानेही गाडी कलंडू शकते. एमओएमध्ये लांब दांडेच नाहीत, त्यामुळे हा पीळही नाही. शिवाय मोटरचे वजन थेट अ‍ॅक्सलवर, म्हणजे जमिनीलगत बसते आणि गुरुत्वमध्य खाली येतो.

पोर्टल अ‍ॅक्सल ही तिसरी जात. मर्सिडीजच्या उनिमोग ट्रकमुळे ती जगाला परिचित झाली आणि ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ने २०१७ साली तिला छंदाच्या बाजारात लोकप्रिय केले. यात चाकापाशी गिअरची आणखी एक जोडी असते. तिच्यामुळे अ‍ॅक्सलची नळी जमिनीपासून उंच राहते, आणि वेग चाकापाशीच कमी होत असल्याने दांड्यावरचा पीळही घटतो. खऱ्या गाडीसारख्या दिसणाऱ्या ट्रेल ट्रकला ती शोभते. निखळ स्पर्धेच्या गाडीत मात्र निवड मुख्यतः पहिल्या दोन जातींतूनच होते.

जात कोणतीही असो, अ‍ॅक्सल पारखताना तीन गोष्टी हातात घेऊन पाहाव्यात. पहिली, चाक किती वळते. क्रॉलरच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल नसते. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे पकड मिळते पण वळण मोठे होते. ही भरपाई पुढच्या चाकांच्या कोनाने करावी लागते. चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या साध्या एका सांध्याच्या शाफ्टची गती कोन वाढत गेला की एकसारखी राहत नाही आणि चाक हिसके देऊ लागते. म्हणून पूर्ण वळणावर चाक हाताने फिरवून पाहावे. अडखळले तर शाफ्ट बदलावा. दुसरी गोष्ट म्हणजे नळीचा ताठपणा. नायलॉनची नळी जोर आला की किंचित वाकते, आतल्या गिअरचे दाते एकमेकांपासून दूर सरकतात आणि झिजतात. अ‍ॅल्युमिनियमची नळी जागा सोडत नाही आणि तिचे जास्तीचे वजनही खालीच राहते. तिसरी गोष्ट दात्यांचे गणित.

हे गणित अवघड नाही. मोटरच्या टोकाला १४ दात्यांचा पिनियन, त्याला लागलेले चक्र ८७ दात्यांचे, म्हणजे ६.२१ पट घट. गिअरच्या पेटीत आणखी २.६ पट. अ‍ॅक्सलमध्ये १३ दात्यांवर ३८ दाते, म्हणजे २.९२ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ४७. मोटर मिनिटाला १०,००० फेरे फिरली तर चाक २१२ फेरे फिरते आणि १४ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर गाडी ताशी साडेपाच किलोमीटर जाते. माणूस भरभर चालतो तेवढा हा तिचा कमाल वेग. आता मागच्या अ‍ॅक्सलमध्ये १३ दात्यांवर ४३ दाते घाला. घट ३.३१ होते आणि पुढची चाके मागच्यांपेक्षा १३ टक्के जास्त फिरतात. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. पुढचा अ‍ॅक्सल गाडीला ओढत राहतो, मागचा तिला पोटाखालून ढकलत नाही, चढावर नाक उचलले जायचे कमी होते आणि वळणही आखूड होते. शाफ्टीत यासाठी अ‍ॅक्सल उघडून गिअर बदलावे लागतात. एमओएमध्ये तेच काम रेडिओवर दोन मोटरींचे प्रमाण बदलून होते.

इथून इलेक्ट्रॉनिक्स सुरू होते. एमओए घेतली म्हणजे मोटरी दोन, त्यांचे वेगनियंत्रक दोन आणि त्यांना वेगवेगळे हुकूम देणारा किमान तीन चॅनलचा रेडिओ. या खर्चाचे मोल डिग नावाच्या युक्तीत मिळते. मागची मोटर ब्रेकवर धरायची आणि फक्त पुढची चालवायची. मागची चाके खुंटीसारखी रोवली जातात आणि गाडी त्यांच्याभोवती जागेवर वळते. जिथे एरवी दोनदा मागे यावे लागले असते तिथले दोन गुण वाचतात. शाफ्टीतही डिग करता येते, पण त्यासाठी पेटीत वेगळी यांत्रिक जोडणी आणि ती हलवणारा छोटा सर्वो लागतो.

मोटर ५४० आकाराची ब्रश असलेली घ्यावी आणि तिच्या गुंडाळीतले वेढे मोजावेत. वेढे जास्त तितके फेरे कमी आणि त्याच प्रवाहात मिळणारा जोर अधिक. ३५ ते ५५ वेढ्यांच्या मोटरी क्रॉलरसाठी नेहमीच्या. ब्रशलेस घ्यायची असेल तर सेन्सर असलेलीच घ्यावी. सेन्सर नसलेल्या मोटरीत नियंत्रकाला रोटर कुठे आहे ते थांबलेल्या अवस्थेत कळत नाही. ती सुरुवातीला अडखळते आणि क्रॉलरचे अर्धे आयुष्य तर थांबण्या-निघण्यातच जाते.

नियंत्रकात पाहायचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ड्रॅग ब्रेक. ट्रिगर सोडताच मोटर पूर्ण जोराने अडली पाहिजे आणि गाडी उतारावर जागची हलता कामा नये. शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेला महागडा नियंत्रकही इथे निकामी ठरतो, कारण उलट गिअरपूर्वी तो आधी ब्रेक मागतो. क्रॉलरला पुढे-मागे ताबडतोब हवे असते.

सर्वोवर मात्र हात आखडू नये. पुढची दोन्ही चाके दगडांच्या फटीत अडकली असताना त्यांना वळवायचे काम त्याचे. २० किलो-सेंटिमीटरपेक्षा कमी जोराचा सर्वो स्पर्धेत घालू नये. एवढा सर्वो अडकला की कित्येक अँपिअर ओढतो. नियंत्रकातला अंगचा वीजपुरवठा तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी ऐन कड्यावर बेवारस होते. वीजपुरवठ्यासाठी वेगळा बीईसी, दहा अँपिअरच्या घरातला, लावला की ही भीती संपते. तो लावल्यावर नियंत्रकाकडून रिसीव्हरला जाणारी लाल तार काढून ठेवायची, हे विसरू नये. एमओएमध्ये नियंत्रक दोन असल्याने लाल तारा दोन काढाव्या लागतात.

बॅटरी तीन सेलची लायपो, ११.१ व्होल्टची, आणि आकाराने लहान. स्पर्धेची फेरी काही मिनिटांचीच असते, मोठ्या बॅटरीचे वजन उगाच वाहायचे कशाला? ती पुढच्या अ‍ॅक्सललगत आणि शक्य तितकी खाली बसवावी. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, म्हणून सपाटीवर ते थोडे पुढे झुकलेले हवे. पुढे साठ टक्के, मागे चाळीस ही सुरुवातीची चांगली वाटणी आहे.

पहिल्यांदा स्पर्धेची गाडी बांधणाऱ्याला माझे सांगणे स्पष्ट आहे. शाफ्टी घ्या. त्यात ३५ किंवा ४५ वेढ्यांची एक मोटर आणि चांगला ड्रॅग ब्रेक असलेला एक नियंत्रक बसवा. वाचलेले सगळे पैसे पुढच्या अ‍ॅक्सलच्या शाफ्टवर, सर्वोवर आणि बीईसीवर खर्च करा. एक हंगाम ती चालवा. आपले गुण नेमके वळणांवर वाया जातात असे गुणपत्रिकेतून दिसले, की मग एमओए आणि दोन नियंत्रकांचा विचार करा. तोवर त्या खर्चाची गरज नाही.