आधी वासराला चीक, मग खरवस

गाय व्याली की तिच्या पहिल्या दुधाचा, म्हणजे चिकाचा, खरवस आपण आवडीने खातो. चीक तापवल्यावर घट्ट होतो तो त्यातील भरपूर प्रथिनांमुळे. या प्रथिनांत मोठा वाटा असतो प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंना चिकटून त्यांना निकामी करणाऱ्या प्रथिनांचा. वासराच्या दृष्टीने चिकाचे खरे मोल येथे आहे.

मानवी मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेतून मात्र एवढे मोठे रेणू पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ प्रतिपिंडांविनाच. १९२२ मध्ये थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी काही वासरांना चीक पाजला, काहींना पाजला नाही. चीक न मिळालेली बहुतेक वासरे दगावली.

येथे शंका येईल, की प्रथिने तर पोटात पचतात. मग प्रतिपिंडे रक्तात पोहोचतात कशी? नवजात वासराच्या जठरात आम्ल फारसे नसते. शिवाय ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणारा घटक चिकातच असतो. आतड्याच्या पेशी प्रतिपिंडे अखंड स्वरूपात शोषून घेतात. मात्र हे दार पहिल्या काही तासांनंतर मिटू लागते आणि सुमारे २४ तासांत बंद होते.

रक्तातील काही प्रतिपिंडे फुफ्फुसांच्या आतील पृष्ठभागावरही झिरपतात. म्हणूनच चीक कमी मिळालेल्या वासरांना हगवणीप्रमाणे न्यूमोनियाही अधिक होतो. थंडी, गोठ्यातील दाटी, प्रवास, आईपासूनची ताटातूट यांच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल वाढते व प्रतिकारशक्ती मंदावते. अशा वेळी आईने दिलेली ही शिदोरी कामी येते.

कोंबडीला लस टोचली की तिची प्रतिपिंडे अंड्याच्या बलकात उतरतात. असा बलक हगवणीविरुद्ध वासरांना व डुकरांच्या पिलांना देण्याचे प्रयोग झाले आहेत. पण आतड्याचे दार मिटल्यावर तोंडाने दिलेली प्रतिपिंडे आतड्यातच काम करतात. रक्तावाटे फुफ्फुसांपर्यंत पोहोचत नाहीत. महिन्याच्या खोकणाऱ्या वासराला चीक पाजून पहिल्या दिवसाची उणीव भरून निघत नाही.

जार पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. जार पडायला कधी आठ-दहा तासही लागतात. तेवढ्यात दार बरेचसे मिटलेले असते! उलट वासरू पिऊ लागले, की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते. त्याने गर्भाशय आकुंचन पावते व जार पडायला मदतच होते.

वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक पहिल्या दिवशी मिळावा; त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन तासांत. तो उकळू नये, कारण उकळल्याने प्रतिपिंडे नष्ट होतात. वर्गातील ज्या मुलांच्या घरी गोठा आहे, त्यांच्यामार्फत एवढी गोष्ट घरोघरी पोहोचली, तरी अनेक वासरे वाचतील. खरवस त्यानंतर उरलेल्या चिकाचाही होतो.