डोंगराच्या पोटातील गॉब्लिन

युरोपातील लोककथांत गॉब्लिन नावाच्या ठेंगण्या, कुरूप व खोडसाळ प्राण्यांचा वावर फार जुना आहे. खाणींत राबणाऱ्या लोकांना अशा भुतांचे भय विशेष वाटे. जर्मनीतील खाणकामगारांना चांदीच्या खनिजाचा भास करून देणारा एक दगड सापडत असे. तो भट्टीत घातला की चांदी तर मिळत नसेच. उलट विषारी धूर निघे. ही करणी ‘कोबोल्ड’ या भुताची, असे ते मानीत. त्या दगडातील धातूला पुढे कोबाल्ट हे नाव मिळाले ते यावरूनच.

जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाने ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ या १८७२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या कथेत अशाच एका भयंकर जमातीचे राज्य डोंगराच्या पोटात वसविले आहे. ही जमात मुळात भयंकर नव्हती. एके काळी ती इतर माणसांसारखीच उघड्यावर राहत असे, अशी त्या प्रदेशातील दंतकथा. पण राजाने जबर कर बसविले म्हणा, कडक कायदे लादले म्हणा, ते सारे लोक एकाएकी नाहीसे झाले. परमुलखात न जाता ते भुयारांत शिरले. पिढ्यान्‌पिढ्या ऊन न लागल्याने त्यांची शरीरे वेडीवाकडी झाली. बुद्धी मात्र तल्लख होत गेली. जाच करणारा राजा केव्हाच मरून गेला, तरी त्याच्या वंशजांवरील राग त्यांनी जपून ठेवला.

त्यांची डोकी दगडासारखी कठीण होती, त्यामुळे डोक्यावरील प्रहार व्यर्थ जाई. पाय मात्र अतिशय नाजूक! राणीखेरीज कोणी पादत्राण घालीत नसे. तिचे जोडे दगडाचे होते. शिवाय कविता कानी पडली की त्यांचा जीव कासावीस होई, बहुधा त्यांना स्वतःला ती रचता येत नसल्यामुळे. ज्यांना कविता रचता येत नसे, आठवतही नसे, तेच लोक त्यांना अधिक भीत.

खाणकामगाराचा मुलगा कर्डी हा जागच्या जागी गाणी रचणारा होता. आईसाठी लाल लोकरी परकर घेता यावा म्हणून तो रात्रीही खाणीत काम करी. तेथेच भिंतीपलीकडील बोलणे ऐकून त्याने गॉब्लिनांचा कट शोधून काढला. आठ वर्षांच्या राजकन्या आयरीनला पळवून आपल्या राजपुत्राशी तिचा विवाह लावायचा, आणि तो बेत फसला तर खाणीत पाणी सोडून कामगारांना बुडवायचे, असा तो कट होता. कर्डीने धोक्याची सूचना दिली. परंतु राजवाड्यावरील पहारेकऱ्यांनी ती तापातील बडबड समजून त्यालाच कोंडून ठेवले.

अखेर गॉब्लिन वाड्याची जमीन फोडून वर आले. तेव्हा कर्डी गात गात त्यांची पावले तुडवीत सुटला. इकडे कामगारांनी भोके आधीच बुजविली होती. त्यामुळे सोडलेले पाणी खाणीत न शिरता उलटले आणि पुष्कळ गॉब्लिन त्यात बुडाले. वाचलेल्यांपैकी बरेच तो प्रदेश सोडून गेले. जे राहिले त्यांचा स्वभाव निवळला. डोकी मऊ होत गेली, पाय टणक होत गेले, आणि हळूहळू त्यांचे खाणकामगारांशीही सख्य जमले.