पहिल्या पावसाचा मासा

मृगाच्या सरी कोसळल्या की पर्वत पाटियातली आपली अनेक कुटुंबे गावाची वाट धरतात. नोकरी-धंदा सुरतेत असला तरी नवापूर, तळोदा, पालघर या भागांत त्यांची भातशेती अजून आहे. पेरणी-आवणीच्या या दिवसांत आणखी एक काम हौसेने केले जाते, ते म्हणजे ओहोळावरची मासेमारी. हातात बॅटरी, कोयता आणि टोपली घेऊन माणसे रात्री पाण्यात उतरतात आणि पहाटे भरल्या टोपलीने परततात. इकडे सुरतेत राहिलेली मुले खाडीच्या काठी गळ टाकून बसतात. दोन्ही ठिकाणचा मासा शेवटी आपल्याच ताटात येतो. म्हणून या पानावर आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. हा मासा कधी धरावा? आणि तो कोणत्या पाण्यातला असावा?

मासे का चढतात?

पहिला जोराचा पाऊस झाला की नदी-ओढ्यांतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. घाटाकडे यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडकडे वलगणीचे. उथळ, नव्या, कोमट पाण्यात अंडी घालण्यासाठी ते भाताच्या खाचरात, पाणथळीत, बांधाकाठच्या गवतात येतात. तेथे पिलांना बारीक जीवजंतूंचे खाद्य मिळते आणि मोठ्या माशांची भीती कमी असते. पावसाळा सरताना वाढलेली पिले पाण्याबरोबर ओढ्याकडे परत जातात. आपले खाचर म्हणजे माशांचे बाळंतघरच होय.

आता हिशेब करून पाहावा. रोहूची मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे दोन ते तीन लाख अंडी देते. त्यांतली बहुतेक वाया जातात हे खरे, पण जी थोडी जगतात त्यांवरच पुढची सगळी मासळी उभी असते. गाबोळीने पोट फुगलेली मादी अंडी घालण्यापूर्वीच कोयत्याखाली आली, तर एका कालवणासाठी आपण पुढच्या वर्षाचे बियाणे शिजवून खाल्ले असे होते. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावताना दहा वेळा विचार करतो. ओहोळाच्या बाबतीत मात्र आपण तो विचार करीत नाही, कारण ओहोळ कोणा एकाचा नसतो. "ओढ्याला पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्याला बंधारे, कीटकनाशके, आटलेले झरे अशी आणखीही कारणे आहेत. पण त्यांतले एक कारण आपल्या हातात आहे, ते हे.

पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कोळी बांधव नुकसान सोसूनही ती पाळतात, कारण विणीचा काळ सोडला नाही तर पुढे जाळे रिकामे येते हे ते जाणतात. तोच नियम आपल्या ओहोळाला लावायला काय हरकत आहे?

मरळ, मांगूर, शिंगी

पाणथळीतल्या माशांत मरळ हा खाणाऱ्यांचा लाडका. काटे थोडे, मांस घट्ट. या माशाचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक आहे. अंडी घातल्यावर तो निघून जात नाही. गवतात जागा साफ करून अंड्यांवर पहारा देतो, आणि पिले बाहेर आल्यावरही काही आठवडे त्यांच्याभोवती फिरत राहतो. पाण्यावर लालसर पिलांचा थवा बुडबुडताना दिसला, की खाली आई-बाप असतात. नेमक्या त्याच वेळी थव्यात गळ टाकून त्यांना धरणे सोपे जाते. पण राखणदार गेला की ती पिले बेडूक आणि इतर मासे फस्त करतात. थवा दिसेल तेथे गळ टाकू नये.

मांगूर आणि शिंगी हे मिशावाले मासे. मरळीप्रमाणे यांनाही हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. डबक्यातले पाणी कुजले, त्यातला प्राणवायू संपला, तरी वर येऊन घोटभर हवा घेऊन ते जगतात. म्हणून उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्याच्या चिखलातही ते सापडतात.

मांगूर घेताना देशी कोणता आणि परका कोणता हे पाहावे. देशी मांगूर सहसा वीत-दीड वीत भरतो. बाजारात "थाई मांगूर" म्हणून येणारा मासा मूळ आफ्रिकेतला. तो हातभर होतो आणि कित्येक किलो वजन धरतो. तो अतिशय खादाड असून तळ्यातून निसटला की देशी मासे, अंडी, बेडूक काहीच शिल्लक ठेवत नाही. त्याच्या पालनाला आपल्या देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिलेले आहेत. कोणी स्वस्तात बीज देऊ केले तरी ते शेततळ्यात सोडू नये.

चिलापीची गोष्ट उलटी. हाही परका, 1952 साली भारतात आणलेला. त्याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची वीण झपाट्याने वाढते आणि तळे बोटभर चिलापींनी भरून जाते. हा मासा वर्षभर खुशाल धरावा. मुलांना गळ शिकवायचा असेल तर गांडूळ लावून चिलापीवरच शिकवावा.

खाडीतला मासा ताटात नको

सुरतेत शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांनाही खाडी म्हणतात. पर्वत पाटिया-लिंबायतच्या बाजूची मीठी खाडी पावसाळ्यात घरांत शिरते, हे आपणास सांगायला नको. या खाड्यांत घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रंगपाणी मिसळते. तरीही गळाला मासा लागतो, आणि मग लोक म्हणतात, "मासा जिवंत आहे, म्हणजे पाणी ठीकच असणार."

हा समज चुकीचा आणि घातक आहे. वर सांगितल्याप्रमाणे मांगूर व शिंगी हवेवर जगू शकतात. त्यांचे जिवंत असणे हा पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. हे मासे तळाच्या गाळात चरतात, आणि शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू गाळातच साठतात. तेथून ते माशाच्या अंगात जातात. उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे जात नाही. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्याचा अपाय सर्वांत जास्त. खाडीवरचा मासा कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

पाण्यात उतरताना

सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत पावसाळ्यात लेप्टो हा ताप दरवर्षी डोके वर काढतो. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातले जंतू चिखलपाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. भात-उसात राबणाऱ्यांना आणि चिखलात मासे धरणाऱ्यांना याचा धोका अधिक. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. गमबूट वापरावेत, घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लवकर उपचार झाले तर रोगी बरा होतो. अंगारे-धुपारे आणि दुकानातून आणलेली गोळी यांत चार दिवस घालवले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

शिंगीचा काटा विषारी असतो. तो टोचला तर काट्याचा तुकडा काढून जखम धुवावी, आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. चटका बसू नये म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने पाहावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

ओढ्यात कीटकनाशक ओतून किंवा विजेची तार सोडून मासे मारणे कोणी करीत असेल तर त्यास रोखावे. विष व सुरुंग यांनी मासे मारण्यास 1897 सालच्या कायद्यानेच मनाई केलेली आहे. विषाने मेलेला मासा घरच्यांच्या पोटात जातो आणि ते पाणी गुरे पितात. तारेने तर माणसेच दगावतात.

मग करावे काय?

1. मृगाचा पहिला पाऊस ते जुलैअखेर ओहोळात, खाचरात मासे धरू नयेत. गावात चार घरांनी मिळून ठरवले तर हे जमते.

2. ओहोळाचे पूर्ण तोंड जाळ्याने किंवा बांबूच्या सापळ्याने अडवू नये. निम्मी वाट मोकळी ठेवावी.

3. ऑगस्टनंतर गळ किंवा मोठ्या आसाचे जाळे वापरावे. लहान मासा परत सोडावा.

4. शेततळे असेल तर पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली 4:3:3 या प्रमाणात सोडावीत. दहा गुंठ्यांच्या तळ्याला सुमारे पाचशे पुरतात. बीज खात्रीच्या केंद्रातून घ्यावे, आणि बोटुकली सोडण्यापूर्वी तळ्यातले मरळ-मांगूर काढून घ्यावेत.

मासा हे गरिबाच्या घरातले उत्तम अन्न आहे. बारीक मासे काट्या-डोक्यासकट खाल्ले तर मुलांच्या हाडांना कॅल्शियम मिळते. हे अन्न आपल्या बांधावर विनामोल येते. त्याला जून-जुलैचे दोन महिने द्यावेत. एवढे केले तर दिवाळीच्या सुमारास त्याच ओहोळावर गळ टाकून बसायला आपल्या मुलांनाही कारण उरेल.