पैठणी कपाटात, चित्र अंधारात: विद्यापीठाचं कलासंग्रहालय सांभाळायचं कसं?

काशीला गेलेलं कुटुंब सहसा तीन गोष्टी चुकवत नाही: गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन आणि परतीच्या आधीची बनारसी साडीची खरेदी. थोडा वेळ उरला तर रिक्षा करून बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातलं नवं विश्वनाथ मंदिरही पाहून होतं. त्याच आवारात भारत कला भवन नावाचं संग्रहालय आहे. गुप्तकाळातली दगडी शिल्पं, मुघल आणि पहाडी शैलीची लघुचित्रं, जुनी बनारसी वस्त्रं, नाणी, दागिने अशा एक लाखाहून अधिक वस्तू तिथे आहेत. तरीही अनेक यात्रेकरू त्याच्या दारात न थांबताच परततात.

विद्यापीठाचं संग्रहालय म्हणजे प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांसाठीची जागा, आपलं तिथे काय काम, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात असं संग्रहालय चालवणाऱ्या माणसापुढे जो पेच रोज उभा असतो, तो तुमच्या-आमच्या घरातही असतो. आईची पैठणी नेसायची की जपायची? नेसली तर विरते, नुसती ठेवली तर घडीवर फाटते आणि ती कोणाची, कुठून आली हे सांगणारं माणूसही एक दिवस उरत नाही.

आपलं ते सगळ्यांचं करणारा माणूस

भारत कला भवन उभं राहिलं ते राय कृष्णदास यांच्यामुळे. 1892 साली बनारसच्या एका संपन्न घराण्यात त्यांचा जन्म झाला. ते हिंदीतले लेखक होते आणि चित्रं, शिल्पं जमवण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. त्या काळात जुन्या घरांमधली लघुचित्रं कवडीमोलानं विकली जात आणि चांगल्या वस्तू परदेशी संग्राहकांच्या हाती जात. असा नाद असलेला श्रीमंत माणूस आपल्या हवेलीत दोन दालनं सजवून समाधानी राहिला असता. कृष्णदासांनी 1920 साली भारतीय कला परिषद स्थापन केली आणि आपला संग्रह संस्थेच्या स्वाधीन केला. परिषदेचे अध्यक्ष होते रवींद्रनाथ टागोर.

त्यानंतर संग्रहाचा प्रवास भाड्याच्या घरातल्या बिऱ्हाडासारखा झाला. काही वर्षं तो काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या आश्रयाला होता. 1950 मध्ये तो बनारस हिंदू विद्यापीठाकडे आला, नव्या इमारतीची कोनशिला पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी बसवली आणि 1962 मध्ये संग्रहालय त्या इमारतीत गेलं. कृष्णदास स्वतः सोबत होतेच. 1980 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

विद्यापीठाकडे संग्रह सोपवण्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. खासगी संग्रहाचं आयुष्य मालकाच्या आवडीइतकं असतं. पुढच्या पिढीला आवड नसली की वाटण्या होतात, नाहीतर लिलाव होतो. विद्यापीठात मात्र दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, त्यातले काही त्याच वस्तूंवर संशोधन करतात आणि वस्तूंना प्रश्न विचारणारी माणसं सतत मिळत राहतात. इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड विद्यापीठाचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय 1683 पासून याच बळावर टिकून आहे. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठानं 1937 मध्ये आशुतोष संग्रहालय सुरू केलं. तिथे फक्त जमवाजमव झाली नाही. विद्यापीठाच्या माणसांनी बंगालमध्ये उत्खननं केली आणि सापडलेल्या वस्तू संग्रहालयात आणल्या.

राजघाटच्या केशरचना

1940 साली काशी रेल्वे स्थानकाच्या विस्तारासाठी राजघाट इथे खोदकाम सुरू झालं. कंत्राटदाराच्या मजुरांच्या कुदळीला मातीच्या मूर्ती, मुद्रा, मणी लागू लागले. ते काशीचं जुनं नगर होतं. काम रेल्वेचं, घाई कंत्राटदाराची आणि वस्तू हातोहात पसार होण्याची भीती. अशा वेळी त्यातल्या पुष्कळ वस्तू भारत कला भवनात पोहोचल्या आणि वाचल्या.

त्यात गुप्तकाळातल्या भाजलेल्या मातीच्या छोट्या स्त्री-पुरुष मुद्रा आहेत. मूठभर आकाराच्या या चेहऱ्यांवरची केशरचना पाहत राहावी अशी. कुठे मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंना कुरळ्या बटांच्या ओळी, कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे केस, कुठे मोरपिसाऱ्यासारखी मांडणी. इतिहासकार वासुदेवशरण अग्रवाल यांनी या केशरचनांचा अभ्यास करून त्यांना संस्कृत साहित्यातल्या वर्णनांशी जोडून दाखवलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या काशीतल्या बायका आरशापुढे किती वेळ घालवत असतील, याचा अंदाज या मूर्तींवरून येतो.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मजुरांनी काढलेली वस्तू कोणत्या थरात होती, तिच्याशेजारी काय होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. वस्तू वाचली, तिचा पत्ता हरवला. पुढे 1957 पासून बनारस हिंदू विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी प्रा. ए. के. नारायण यांच्या नेतृत्वाखाली राजघाटला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. थरांचा क्रम नीट नोंदला गेला, तेव्हा आधीच्या वस्तूंनाही काळाची चौकट मिळाली. संग्रहालय आणि विद्यापीठ एका छताखाली असण्याचा फायदा इथे दिसतो.

म्हणूनच संग्रहालयातली सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असं विचारलं तर जाणकार अनेकदा नोंदवहीकडे बोट दाखवतात. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. तो तिच्यावर न दिसेल अशा जागी लिहिलेला असतो आणि वहीत त्याच क्रमांकापुढे ती कोणाकडून आली, कधी आली, मापं काय, तडा कुठे आहे, याची नोंद असते. संग्राहकाला सगळं तोंडपाठ असतं. त्याच्यानंतर येणाऱ्याला फक्त वही असते. वही अपुरी असेल तर चोरी झाली तरी लवकर कळत नाही.

प्रमुखाचा दिवस कसा जातो?

संग्रहालयाचा संचालक म्हणजे दिवसभर सुंदर चित्रं पाहणारा भाग्यवान माणूस, असा आपला समज असतो. त्याचा बराचसा वेळ पावसाळ्यात छत गळतंय का, पहारेकऱ्यांच्या जागा भरल्या का, वातानुकूलन रात्रीही चालू राहील का, याच काळजीत जातो. विद्यापीठात निधी मागायला अनेक विभाग रांगेत उभे असतात. प्रयोगशाळेच्या यंत्राची गरज पटवून देणं सोपं. तळघरातल्या कपड्यांसाठी नवी कपाटं हवीत हे समितीला पटवणं कठीण, कारण ती कपाटं कोणाला दिसणारच नसतात.

त्याच्यासोबत असतो क्युरेटर, ज्याला सरकारी मराठीत अभिरक्षक म्हणतात. नावातच रक्षण आहे. काय मांडायचं, कशाशेजारी मांडायचं, खाली लिहायच्या चार ओळींत काय सांगायचं, हे तो ठरवतो. मोठ्या संग्रहालयांत एका वेळी संग्रहाचा थोडासाच भाग दालनात असतो. बाकीचं कोठारात विसावलेलं असतं. पाहुण्याला हे कंजूषपणाचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे.

लघुचित्र आणि रेशीम यांचा मोठा शत्रू प्रकाश. प्रकाशानं उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं. अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देऊ नये, असा संकेत आहे. आपल्या कार्यालयातल्या टेबलावर 300 ते 500 लक्स असतो आणि भर उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. म्हणून दालनात शिरताना अंधार वाटतो. काही महिन्यांनी चित्र उतरवून कोठारात नेलं जातं आणि त्याच्या जागी दुसरं लागतं.

आता पेच पाहा. चित्र दाखवलं तर ते झिजतं. दाखवलं नाही तर लोकांच्या पैशानं जपलेली वस्तू लोकांना दिसतच नाही. शिवाय कलेच्या विद्यार्थ्याला ते काचेबाहेरून पाहून भागत नाही. रेष किती बारीक आहे, सोनं कुठे घोटलं आहे, हे त्याला जवळून पाहायचं असतं. संचालकाला या तिघांच्या हक्कांत रोज तडजोड करावी लागते: आजचा पाहुणा, आजचा विद्यार्थी आणि अजून न जन्मलेला प्रेक्षक. तिसरा तक्रार करायला येऊ शकत नाही, म्हणून त्याची बाजू संचालकानंच मांडायची. मात्र फक्त त्याचीच मांडली, तर संग्रहालयाचं कुलूपबंद कपाट होतं. चांगला प्रमुख ओळखायचा तो इथेच. वस्तू बदलत राहणारा, अभ्यासकाला ठरलेल्या वेळी कोठार उघडून देणारा आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद करणारा.

घरातलं छोटं संग्रहालय

संग्रहालयात वापरल्या जाणाऱ्या काही सवयी घरीही सहज पाळता येतात.

- पैठणी किंवा शालू वर्षातून दोनदा बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि दुसरीकडे घडी पडेल अशा प्रकारे पुन्हा घाला. एकाच घडीवर रेशीम तुटतं.
- साडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या कापडाला आणि जरीला लागू देऊ नका. अत्तर, स्प्रे जरीवर मारू नका, ती काळी पडते.
- आजोबांचा जुना फोटो उन्हं येणाऱ्या भिंतीवर लावू नका. त्याची प्रत काढून ती लावा, मूळ फोटो अंधारात ठेवा. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशनही करू नका.
- तांब्या-पितळेच्या जुन्या मूर्ती दर सणाला घासून लख्ख करण्याचा मोह आवरा. घासताना नक्षी झिजते.
- आणि वही घाला. आजीची नथ कोणी घडवली, तिला कोणत्या प्रसंगी मिळाली, हे ती असतानाच विचारून लिहा. सोबत फोटो चिकटवा.

घरात खूप जुनी मूर्ती किंवा चित्र असेल, तर 1972 चा पुराणवस्तू आणि कलानिधीविषयीचा कायदाही ठाऊक हवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि 75 वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुराणवस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते.

मुलीला यात रस असेल तर

इतिहास, चित्रकला, रसायनशास्त्र यांपैकी कशातही पदवी घेतलेल्यांना हे क्षेत्र खुलं होऊ शकतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं, बनारसलाही त्याचं शिक्षण मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पहिल्या संचालक ग्रेस मॉर्ले ही एक स्त्री होती, हे अनेकांना माहीत नसतं. त्याआधी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं कलासंग्रहालय उभं केलं होतं. या कामात पैसा बेताचा आणि चिकाटी फार लागते. ज्या मुलीला कपाट आवरताना प्रत्येक वस्तूची गोष्ट विचारावीशी वाटते, तिला ते मानवेल.

पुढच्या वेळी काशीला गेलात तर साडीखरेदीच्या वेळेतला तासभर राखून ठेवा. संग्रहालयाच्या सुट्ट्या आणि वेळा आधी विचारून घ्या. आत मंद प्रकाश असेल, डोळ्यांना दोन मिनिटं सरावू द्या. राजघाटच्या मातीच्या मुद्रा मांडलेल्या असतील तर त्यांच्यापुढे लेकीला उभं करा आणि विचारा, यातली कोणती केशरचना तुला जमेल? घरी आल्यावर कपाटातली पैठणी काढून दुसऱ्या बाजूनं घडी घाला आणि तिची गोष्ट त्याच दिवशी वहीत लिहा.